उरलेले तीन बळी

उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा बेसबॉलचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. त्यामुळे गोल्फ क्लब मैदानाच्या चार फेऱ्या मारून मी गंगापूर रोडवरच्या घरी परतायचो आणि चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसायचो, तोवर नऊपैकी सात-आठ इनिंग (डाव) उरकलेल्या असत. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तोपर्यंत घामाघूम होऊन बाकावर जाऊन बसलेला असे. माझ्या वाट्याला यायचा तो बुलपेनचे, म्हणजे राखीव पिचर सराव करतात त्या जागेचे, दार उघडून शांतपणे धावत येणारा न्यूयॉर्क यँकीजचा मारियानो रिव्हेरा. बेसबॉल मी असा शेवटाकडून शिकलो, आणि त्याबद्दल मला खंत नाही.

फिरायला सोबत असणारे एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. त्यांना मी क्लोजरचे, म्हणजे सामन्याची शेवटची इनिंग टाकणाऱ्या पिचरचे, काम समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दोन-अडीच तास नुसते बसायचे, शेवटी पंधरा मिनिटे चेंडू टाकायचे आणि कोट्यवधींचा पगार घ्यायचा? अहो, आमच्या ऑडिटवाल्यांनी पहिल्याच वर्षी शेरा मारला असता!" शंका रास्त आहे. रिव्हेराने 19 हंगामांत 1115 सामने खेळून टाकलेल्या इनिंग 1284 सुद्धा भरत नाहीत. सुरुवातीचा चांगला पिचर एवढे काम सहा-सात वर्षांत उरकतो. पण त्या थोड्या कामात सामना सोडवून आणण्याची नव्हे, तर आधीच्या आठ इनिंगमध्ये संघाने कमावलेले न घालवण्याची जबाबदारी असते. संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना येऊन शेवटची पूर्ण इनिंग टाकून सामना जिंकून दिला, की क्लोजरच्या नावावर 'सेव्ह' लागतो. निकष आणखीही आहेत, पण मुख्य हाच. शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी मांडलेली ही कल्पना 1969 मध्ये अधिकृत नोंदीत आली. आघाडी गेली तर मात्र 'ब्लोन सेव्ह' लागतो, आणि तोही कायमचा.

आपल्याकडे याची तुलना शेवटची षटके टाकणाऱ्या गोलंदाजाशी करतात, ती मला अर्धीच पटते. आपल्या गोलंदाजाने आधी दोन-तीन षटके टाकलेली असतात, त्याला खेळपट्टीचा आणि स्वतःच्या हाताचा अंदाज आलेला असतो. क्लोजरला बुलपेनमधले सराव-चेंडू सोडले, तर पहिला चेंडूच सामन्याचा निकाल लावणारा असू शकतो.

रिव्हेरा या कामाला आला तो जवळजवळ नापास होऊन. पनामातल्या पुएर्तो कैमितो या कोळ्यांच्या गावात तो वाढला आणि वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर राबला. यँकीज संघाने त्याला 1990 मध्ये करारबद्ध केले. 1992 मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी दोन नव्या संघांसाठी खेळाडूंची निवड झाली तेव्हा यँकीजने त्याला राखून ठेवले नाही. त्या दोघांपैकी कोणी त्याला उचललेही नाही. मे 1995 मध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून त्याचे पदार्पण झाले, त्यात तो चौथी इनिंगही पूर्ण करू शकला नाही. पुढच्या वर्षी त्याला जॉन वेटलँड या क्लोजरच्या आधी टाकायला ठेवले आणि 1997 पासून शेवटची इनिंग त्याची झाली.

त्याच 1997 च्या जूनमध्ये सहकाऱ्याबरोबर नुसती फेकाफेक करताना त्याचा सरळ जाणारा चेंडू आपोआप वळू लागला. तो सरळ करायचा प्रयत्न करून पाहिला, जमला नाही, तेव्हा त्याने तेच हत्यार केले. न्यू जर्सीतल्या भाच्याने आणून दिलेला एक बेसबॉल माझ्या टेबलावर असतो. लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके, घोड्याच्या नालेसारखी वळण घेणारी शिवण, वजन आपल्या लेदर बॉलपेक्षा थोडे कमी. दोन बोटे शिवणीवर आडवी ठेवायची, पकड किंचित बाजूला सरकवायची आणि सोडताना मधल्या बोटाचा दाब वाढवायचा: झाला कटर. सांगायला एवढेच. मी गच्चीवर भिंतीसमोर अनेकदा टाकून पाहिला. चेंडू सरळ जातो आणि भिंतीचा गिलावा उडतो. रिव्हेराचा मात्र अगदी शेवटच्या क्षणी सरकायचा आणि डावखुऱ्या बॅटरच्या मुठीजवळ लागून बॅट मोडायचा. शेवटच्या हंगामात मिनेसोटाच्या संघाने त्याला मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची भेट दिली, ती उगाच नाही.

त्याचे 652 सेव्ह हा विक्रम आहे, पण मला तो जास्त कळला तो 4 नोव्हेंबर 2001 च्या सामन्यामुळे. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना, फिनिक्स, यँकीज 2-1 ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये त्याने तिघांना बाद केले होते. नवव्यात आधी एक फटका बसला, मग बंट (बॅट आडवी धरून हळूच ढकललेला चेंडू) अडवून दुसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू त्याच्याच हातून भरकटला, टोनी वोमॅकच्या फटक्याने बरोबरी झाली, आणि शेवटी लुईस गोन्झालेसचा धड न बसलेला, हलकासा उडालेला फटका पुढे सरकून उभ्या असलेल्या यँकीजच्याच डेरेक जेटरच्या डोक्यावरून जाऊन पडला. चेंडू कुठेही वाईट नव्हता. मी ही इनिंग नंतर कितीदा तरी पाहिली आहे. पुढे कळले, की यँकीज जिंकले असते तर मिरवणुकीसाठी थांबावे लागणार असलेला त्याचा सहकारी एन्रिके विल्सन लवकर घरी निघून गेला, आणि ज्या विमानाने तो एरवी गेला असता ते 12 नोव्हेंबरला कोसळले. आपण हरलो ते बरे झाले, असे रिव्हेरा नंतर म्हणाला.

मी स्वतः क्लबकडून खेळताना एकदा शेवटच्या षटकात सामना घालवला, आणि पुढच्या रविवारी पाठदुखीचे निमित्त सांगून घरी बसलो. रिव्हेरा 2004 मध्ये बॉस्टनविरुद्ध मालिका संपवायला तीन बळी हवे असताना आघाडी घालवून बसला आणि ती मालिकाच हातची गेली. पुढच्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या प्रेक्षकांनी त्याचे नाव पुकारताच उपहासाने टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा तो हसला.

मे 2012 मध्ये सरावात झेल घ्यायला धावताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. तिथे थांबला असता तर कोणी बोट दाखवले नसते, पण 43 व्या वर्षी परत येऊन त्याने 44 सेव्ह केले. शेवटचा घरचा सामना 26 सप्टेंबर 2013 चा, नाशिकमध्ये 27 ची सकाळ. आठव्या इनिंगमध्ये येऊन त्याने लागोपाठ चौघांना बाद केले. मग त्याला परत न्यायला प्रशिक्षकाऐवजी जेटर आणि अँडी पेटिट हे जुने सोबती चालत आले, आणि तो पेटिटच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. माझा चहा गार झाला होता. यँकीज 4-0 ने मागे होते, वाचवायला काही नव्हतेच; त्या इनिंगचा उरलेला एक बळी मॅट डेली नावाच्या दुसऱ्या पिचरने घेतला.