हँगर मोडला, पण घाट पार केला

सायकल रस्त्यात बिघडली की बहुतेक जण आधी हत्यारं काढतात. मी मागचं चाक उचलते, ब्रेक किंचित दाबते आणि हाताने पॅडल फिरवते. पॅडल फिरतंय, चेन नाही? उतरली किंवा तुटली. चेन आणि मागच्या चक्र्या फिरतात पण चाक ढिम्म? मग फ्रीहबचे, म्हणजे चक्र्या ज्यावर बसतात त्या भागाचे, खटके आत चिकटलेत. पावसाळ्यात चिखलपाणी गेलं की हे होतंच. सगळं फिरतंय पण चढावर जोर लावला की कडकड करत घसरतं? चेन झिजली असेल किंवा एखादी कडी आखडली असेल. पायाचा जोर नेमका कुठे अडकलाय ते कळलं की मग बॅग उघडायची.

गियरची केबल तुटली तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, स्प्रिंगच्या ओढीने सर्वांत लहान चक्रीवर जाऊन बसतो. घाटात तो गियर म्हणजे शिक्षा. डिरेलरवरचा ‘एच’ लिहिलेला स्क्रू आत पिळला की चेन एखादी चक्री वर सरकते. तेवढ्यानेही गुडघे वाचतात.

हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, मोडणं मात्र वेगळं प्रकरण. महाडहून वरंधा घाट चढत होतो. आमच्यातला एक मुलगा सकाळी उजव्या अंगावर पडला होता. सायकलला ओरखडासुद्धा नाही म्हणून खूश होता. वाघजाईच्या देवळाच्या वर त्याने सर्वांत मोठी चक्री टाकली आणि डिरेलर थेट चाकाच्या आऱ्यांत गेला. हँगर आधीच आत वाकलेला होता. तो सहसा मऊ ॲल्युमिनियमचा असतो, मुद्दामच. फ्रेमऐवजी त्याने मोडावं म्हणून.

“ताई, टेम्पो बघू या का?”

म्हटलं, थांब. वाकडे आरे हाताने सरळ केले, डिरेलर सोडवला. पुढची लहान चक्री, मागची तिच्या सरळ रेषेतली, आणि चेन तोडून तेवढ्यावर जोडली. इथेच घोळ होतो. क्विक लिंक, म्हणजे चेन पटकन जोडायची सुटी कडी, वापरायची तर कड्या जोडीनेच काढाव्या लागतात, एक जोडी 25.4 मिमी, त्यामुळे ताण सहसा नेमका बसत नाही. किंचित सैल बरी. ताणून बसवली तर चेन शेजारच्या मोठ्या चक्रीवर चढते आणि आवळून जाम होते. लिंकही आपल्या चेनच्या मापाचीच हवी. त्याची नऊ गियरची, माझीही, म्हणून निभावलं. उभं राहून पॅडल मारायचं नाही, एवढी एकच अट घातली.

नीरा देवघर धरणाच्या कडेने तो आमच्या मागे मागे, पण सायकलवरूनच, भोरपर्यंत आला.

तिथल्या सायकलवाल्याने मोडका तुकडा उलटसुलट पाहिला. हँगर बहुतेक फ्रेमचा वेगळा; त्याच्याकडे कुठून असणार? “वेल्डिंग करून देऊ?” म्हणाला. ॲल्युमिनियम आहे म्हटल्यावर त्याने तुकडा परत दिला आणि चहा मागवला.