मराठीत पर्सनल विकी: "पाच मिनिटांत होतं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

निकाल आधीच सांगतो. विकी (एकमेकींना जोडलेल्या पानांची साइट) एमकेडॉक्स या टेक्स्ट फाइलींपासून साइट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभी राहिली, फुकटात चालतेय, लोक वापरतायत, आणि मी आता दुसरीकडे हलणार नाही. पण व्हिडिओंमध्ये दाखवतात तो रस्ता इंग्रजी मजकुराचा आहे, मराठी घेऊन निघालात की मध्येच तुटतो, आणि हे कोणी सांगत नाही. कमांड लाइन, गिट, थोडं पायथन येतं असं धरून चालतोय. येत नसेल तर सरळ एखादं शेअर केलेलं डॉक्युमेंट ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

हवं होतं ते एवढंच. पुण्यातला आमचा ट्रेकचा ग्रुप, सगळी माहिती व्हॉट्सॲपमध्ये गाडलेली, आणि दर पावसाळ्यात तेच प्रश्न: राजगडला गुंजवण्यात गाडी कुठे लावायची, चोर दरवाजाची वाट नवख्यांना झेपेल का, की पाली दरवाजाने न्यायचं. त्यात घरचं वेगळंच, गुरुवारी पाणी बंद असलं की टँकरवाल्याचा नंबर शोधत सगळं घर फिरायचं. मीडियाविकी, म्हणजे विकिपीडियाचं सॉफ्टवेअर, टाकायची तर पीएचपी आणि डेटाबेस आला, म्हणजे सर्व्हर आला, म्हणजे त्याचे अपडेट आले. स्टॅटिक साइटमध्ये, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या पानांच्या साइटमध्ये, साध्या टेक्स्ट फाइली, एक कमांड मारली की एचटीएमएल तयार, उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाइली तुमच्याच. कोथरूडचा मावसभाऊ म्हणाला, "दादा, जेवायच्या आत होईल." त्याने आयुष्यात मराठीत एक हेडिंग लिहिलेलं नाही हे मला नंतर कळलं.

अशा साइट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जेकिल पाहिलं, पण त्याला लागणारी रूबी भाषा टाकायचा उत्साह नव्हता. ह्यूगो एकच फाइल उतरवायची, वेगवान आहे, पण त्याच्या टेम्प्लेटशी माझं जमत नाही. पायथन मशिनवर होतंच म्हणून एमकेडॉक्स घेतलं. नव्या उबुंटूवर थेट पिप इन्स्टॉल केलंत तर "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून नकार येतो, त्यावर सिस्टीम मोडणारा जबरदस्तीचा पर्याय काही लोक बिनधास्त सुचवतात, तो वापरू नका, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि त्यात टाका. नवीन प्रोजेक्टची कमांड, मग सर्व्हची (साइट आपल्याच मशिनवर दाखवणारी), ब्राउझरमध्ये ८००० पोर्ट. इथपर्यंत मावसभाऊ बरोबर होता.

आता ते हेडिंगचं प्रकरण. मी राजगडचं पान लिहिलं, त्यात हेडिंग: गाडी, गड, पाणी, जेवण. मजकूर छान दिसतो. हेडिंगची लिंक कॉपी केली तर शेवटी हॅश आणि "_१", पुढच्याला "_२", पण इंग्रजी आकड्यात. का, तर एमकेडॉक्सच्या आतलं पायथन-मार्कडाउन (मार्कडाउनच्या साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराचं एचटीएमएल करणारं) हेडिंगपासून अँकर, म्हणजे थेट त्या हेडिंगवर नेणारं लिंकच्या शेवटचं नाव, बनवताना ॲस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हं, सोडून बाकी सगळं फेकून देतं, मराठी हेडिंगमधलं मग काहीच उरत नाही, म्हणून नुसता क्रमांक. आणि हा क्रमांक पक्का नाही. वर एक हेडिंग वाढवलं की खालचे सगळे एकाने सरकतात आणि लोकांनी जपून ठेवलेल्या लिंका भलतीकडे जातात.

शोधलं तर उपाय सगळीकडे एकच लिहिलेला: अनुक्रमणिका बनवणाऱ्या टीओसी एक्स्टेन्शनमध्ये स्लगिफाय युनिकोड (इतर लिपींची अक्षरं ठेवून अँकर बनवणारा पर्याय) लावा. लावलं. अक्षरं दिसायला लागली, मी खूश, ग्रुपवर लिंक टाकली. अर्ध्या तासात काकांचा फोन. हे काका आमच्यातले सगळ्यात जुने भटके, साठी उलटली तरी आमच्या पुढे चालतात.

"अरे, तुझ्या त्या पानावर गड दाबलं की गाडी कुठे लावायची तेच येतं."

"काका, तुम्ही चुकून वरचं दाबत असाल."

"मला गड आणि गाडी कळत नाही का रे?"

काकांचं बरोबर होतं. ॲड्रेस बारमध्ये पाहिलं तर सगळे काना-मात्रे गळालेले. "गाडी"चं झालं "गड". मग खऱ्या "गड"ला तेच नाव मिळेना म्हणून त्याचं झालं "गड_१". पाणीचं "पण", जेवणचं "जवण", आणि दुसऱ्या एका पानावर मुक्कामचं "मककम", ते बघून तर मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो. पुणे आणि पाणी एकाच पानावर असतील तर एकाचं "पण" आणि दुसऱ्याचं "पण_१" होतं. युनिकोडमध्ये क, ख, ग ही अक्षरं म्हणून नोंदलेली आहेत, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं "चिन्ह" या वेगळ्या वर्गात आहे, आणि पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दातलं अक्षर म्हणजे फक्त अक्षर, आकडा आणि अंडरस्कोर. चिन्ह आलं की कापलं. नावात युनिकोड आहे म्हणून मराठी चालेल असं समजू नका, फ्रेंच चालतं, रशियन चालतं, आपलं चालत नाही.

याच खोडीचा दुसरा अवतार डबल चौकटी कंसातल्या लिंकचा, कंसात पानाचं नाव लिहिलं की लिंक, विकीची खरी मजा ज्यात आहे ती. पायथन-मार्कडाउनचं विकीलिंक्स एक्स्टेन्शन आहे, ते चालू केलं. ट्युटोरियलमध्ये पहिली लिंक होम असते म्हणून मी घर लिहून पाहिलं. चाललं! आनंदाने पुढे सगळ्या पानांत कंस टाकत सुटलो. बिल्ड करून, म्हणजे सगळी साइट बनवून, बघतो तर घर, बस, नळ यांच्या लिंका झाल्यात आणि राजगड, तोरणा, टँकर तसेच कंसात उघडे पडलेत. ना एरर, ना वॉर्निंग. घर, बस, नळ यांत काना-मात्रा काहीच नाही म्हणून ते सुटले, बाकीच्यांना पहिल्या चिन्हालाच अडवलं. त्या रात्री मी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये सुद्धा देत नाही इतक्या शिव्या दिल्या, आणि ज्याला द्यायच्या तो समोर कोणीच नव्हता.

यातून जायचा माझा रस्ता असा. फाइलचं नाव रोमनमध्ये, पानाचं शीर्षक मराठीत. ॲटर-लिस्ट नावाचं एक्स्टेन्शन चालू करायचं आणि ज्या हेडिंगची लिंक कोणाला पाठवायची शक्यता आहे त्याच्या पुढे महिरपी कंसात हॅश आणि रोमनमध्ये नाव लिहायचं. ते नाव जसंच्या तसं अँकर होतं, हेडिंग वरखाली करा, बदला, लिंक टिकते. विकीलिंक्सचा नाद सोडायचा, साधी मार्कडाउन लिंक लिहायची आणि तीही डॉट एमडी (मार्कडाउन) फाइलकडे, म्हणजे फाइल नसेल तर एमकेडॉक्स बिल्डला ओरडतं. अँकर चुकला तर मात्र मुळात फक्त हळूच माहिती देतं, तेव्हा व्हॅलिडेशन सेटिंगमधल्या, १.६ आवृत्तीपासून आलेल्या, अँकर्सला वॉर्न करा आणि बिल्ड नेहमी स्ट्रिक्ट लावून चालवा, म्हणजे वॉर्निंग आली की बिल्ड अडतं. हे न करता पन्नास पानं लिहाल तर तुमचे तुम्ही.

पायथन चांगलं येणारे म्हणतील की स्वतःचं स्लगिफाय फंक्शन लिही, चार ओळींचं काम आहे. आहे. पण मराठी यूआरएलचा मला तसाही कंटाळा आला होता. ब्राउझरमध्ये सुंदर दिसणारं "राजगड" व्हॉट्सॲपवर पेस्ट केलं की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते, एका अक्षराचे किंवा काना-मात्रेचे नऊ म्हणजे एवढ्या एका शब्दाचे ४५ कॅरेक्टर, बघणाऱ्याला वाटतं फ्रॉडची लिंक आहे. गिटमध्येही मराठी नावाच्या फाइली ३४०, २४४ अशा आकड्यांत दिसतात. तुम्हाला मराठी नावंच हवी असतील तर गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स करा, मग नीट दिसतात.

याद्यांचं एक. व्हीएस कोडच्या प्रिव्ह्यूवर भरवसा ठेवू नका. तिथे परिच्छेदाला चिकटून लिहिलेली यादी यादी म्हणून दिसते, पायथन-मार्कडाउनला मात्र आधी एक रिकामी ओळ लागते, नाहीतर सगळं एका परिच्छेदात कोंबतं. पोटयादीला चार स्पेस लागतात, दोन नाही. माझी ट्रेकच्या सामानाची यादी अशी पसरली की टॉर्च, ओआरएस आणि बदलायचे मोजे एकाच वाक्यात आले.

सर्च: मुळातल्या सेटिंगला देवनागरी दिसतच नाही. आतमध्ये लुनर नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, ती शब्दाच्या कडेची "फालतू" चिन्हं छाटते आणि तिच्या लेखी इंग्रजी मुळाक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर सोडून सगळंच फालतू, म्हणजे अख्खा मराठी शब्द छाटला जातो. यावर मी वेळ घालवला नाही. पर्सनल विकी आहे, फाइली माझ्याच मशिनवर आहेत, एडिटरमध्ये फोल्डरभर सर्च मारतो. बाकीच्यांसाठी पहिल्या पानावर हाताने लिहिलेली यादी आहे, ती सर्चपेक्षा बरी.

पैशांचं बोलतो, कारण इथे लोक फसतात. डोमेन विकणाऱ्याच्या साइटवर पहिल्या वर्षाचा भाव भल्यामोठ्या अक्षरात, दुसऱ्या वर्षीपासूनचा भाव पैसे भरायच्या पानावर खाली बारीक अक्षरात, आणि दोघांत कितीतरी पटींचा फरक. मध्ये तुम्हाला न विचारता होस्टिंग पॅक कार्टमध्ये टाकलेला, वर एसएसएल सर्टिफिकेट (साइट https वर चालायला लागतं ते) वेगळं विकायला ठेवलेलं, सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. होस्टिंग पॅक तुम्हाला लागत नाही. स्टॅटिक साइटला पीएचपी नको, डेटाबेस नको. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं आणि गिटहब पेजेस (गिटहबची स्टॅटिक साइट दाखवायची सोय) ते स्वतःच लावून देतं. माझं मत विचाराल तर डोमेन घेऊच नका, गिटहबचा फुकट पत्ता वापरा, राजगडची वाट सांगायला स्वतःच्या नावाचं डोमेन लागत नाही. घेतलंतच तर डोमेनचं नाव लिहिलेली सीनेम नावाची फाइल डॉक्स फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर दर डिप्लॉयला, म्हणजे साइट वर चढवताना, ती पुसली जाते आणि साइट तुमच्या डोमेनवरून गायब होते.

शेवटचा बदल कधी झाला ती तारीख पानावर हवी असेल तर प्लगिन आहे, पण बिल्ड गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या मशिनवर आपोआप) करत असाल तर चेकआउट, म्हणजे फाइली तिथे उतरवणारी पायरी, मुळात फक्त शेवटचा एक कमिट आणतं, त्यामुळे सगळ्या पानांवर एकच तारीख येते. फेच डेप्थ शून्य करा, म्हणजे सगळा इतिहास येतो. आणि टाइमझोन एशिया/कोलकाता लिहा, नाहीतर रात्री एक वाजता केलेला बदल कालच्या तारखेला पडतो. रात्री जागूनच हे करणार असाल तर लागेलच.

लिहिण्याचा भाग मजेत गेला, त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

खाजगी माहितीबाबत मात्र थांबा. फुकट खात्यावर पेजेससाठी रिपॉझिटरी सार्वजनिक लागते. मेन्यूमधून पान काढलं म्हणजे ते लपलं असं नाही, एमकेडॉक्स ते बांधतंच, आणि सर्च फोल्डरमध्ये सर्च इंडेक्सची जेसन फाइल असते तिच्यात सगळ्या पानांचा मजकूर सलग पडलेला असतो, कोणीही उघडून वाचावा. नंतर फाइल उडवलीत तरी गिटच्या इतिहासात ती राहते. १.५ पासून एक्स्क्लूड डॉक्स नावाची सेटिंग आहे, पण ती फक्त साइटवरून वगळते, रिपॉझिटरीत टाकलेली फाइल तिथे दिसणारच. तेव्हा आधार-पॅनचे नंबर, टँकरवाल्याचा आणि प्लंबरचा मोबाइल, सोसायटीची भांडणं, हे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, जो कुठेच पुश होत नाही. मी तो फोल्डर घरातच सर्व्ह करतो. फोनवरून बघायचा तर सर्व्हचा पत्ता, म्हणजे डेव्ह ॲड्रेस, शून्य-शून्य-शून्य-शून्य आणि ८००० द्यायचा, मग घरच्या वायफायवर लॅपटॉपच्या आयपीने उघडतो. त्याच वायफायवरच्या बाकी सगळ्यांनाही उघडतो, म्हणून एफसी रोडच्या कॅफेत बसून ही कमांड चालवू नका.