अंबाडी की भांग? एका बातमीमागचा माझा अनुभव

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी वार्ताहर आहे. बातम्या मीच पाठवतो, जाहिरातीही मीच गोळा करतो. पोळ्याच्या आठवड्यात एकच बाटली दोन्ही वाटांनी माझ्याकडे आली. सकाळी एका विक्रेत्याने अर्ध्या पानाची जाहिरात दिली : ‘हेम्प सीबीडी तेल, मिरगी मुळापासून बरी.’ हेम्प म्हणजे भांगेचं झाड, सीबीडी हे त्यातलं नशा न आणणारं द्रव्य. दुपारी एकाचा फोन आला, “दादा, गांजाचं तेल राजरोस विकायलेत. छापा ना!”

मथळा डोक्यात तयार होता. पण बाटली डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवून दुकानात गेलो. बोटाएवढी बाटली, झाकणालाच ड्रॉपर. लेबलवर ‘विजया पत्र’, आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक, आणि हिंदी-इंग्रजीत सूचना, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे. विजया म्हणजे भांग.

कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या वकील मित्राने मला १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा उघडून दाखवला. गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे-फळांचे शेंडे, चरस म्हणजे राळ. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. सीबीडीचं नाव त्या कायद्यात नाही. म्हणजे पहिला प्रश्न हाच, की तेल झाडाच्या कोणत्या भागातून काढलं? परवान्याने, पानांपासून केलेलं असेल तर ते आयुर्वेदिक औषध. फुलोऱ्यातून काढलं असेल तर प्रकरण थेट एनडीपीएसमध्ये जातं. बियांचं तेल आणखी वेगळं. ते २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) खाद्य म्हणून मान्य केलं, टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याची मर्यादा घालून. बाटलीसोबतच्या पत्रकात ‘अमेरिकेत मान्यता’ असंही होतं. तिथे ०.३ टक्के टीएचसीची अट घालणारा कायदा २०१८ चा आहे, पण तो आपल्याकडे लागू नाही.

कायदा कळला, तरी मन मानेना. ते तेल घेणाऱ्या एका घरी गेलो. सात वर्षांचं पोरगं अंगणात बैलांच्या झुली चिवडत बसलेलं. देवळीत तीच बाटली, आणि तिच्या मागे गोळ्यांच्या न फोडलेल्या दोन स्ट्रिप.

“गोळ्या बंद केल्या की, दादा. कागदावर लिवलंय, मुळापासून जाती म्हणून.”

माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी त्या माउलीला आणि पोराला घेऊन परभणी गाठली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. त्या अचानक बंद केल्या तर झटके वाढू शकतात, जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी तिला दोनदा समजावलं. सीबीडीपासून केलेलं एक औषध मिरगीच्या काही दुर्मीळ प्रकारांत चालतं, पण तेही मोजून, यकृताच्या तपासण्या करत आणि सोबतच्या गोळ्यांवर लक्ष ठेवून द्यावं लागतं, हेही सांगितलं.

जाहिरात मी परत केली. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात मिरगी बरी करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे, आणि ती छापण्यात हातभार लावणाराही दोषी ठरतो. हे मला आधीच माहीत असायला हवं होतं.

बातमी पाठवली आणि रात्री पान बघितलं, तर डेस्कने ‘हेम्प’चं ‘अंबाडी’ केलेलं! इंग्रजीत अंबाडीला डेक्कन हेम्प म्हणतात, पानंही थोडी सारखी दिसतात, म्हणून चूक झाली असेल. पण आपल्याकडे अंबाडीची भाजी घराघरात शिजते. ‘अंबाडीचं तेल’ वाचून कोण घाबरणार? सगळेच पोराबाळांना पाजतील. फोनवर भांडून मी ‘भांगेच्या पानांचा अर्क’ असं करून घेतलं. ‘गांजा’ मथळ्यात येऊ दिला नाही. नमुन्याचा अहवाल हाती नसताना दुकानदाराच्या कपाळी तो शब्द मारायचा अधिकार मला नव्हता.

बॅच क्रमांकासह अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे दिलाय, पोच वहीत लावली आहे. अहवाल आला की पुढची बातमी देईन.