तुम्ही विचारलंत म्हणून: एका गाण्यासाठी एवढा राग का?

'इन टू द वुड्स' ही परीकथांतली पात्रं एकत्र आणणारी, स्टीफन साँडहाइमच्या गाण्यांची रंगमंचावरची संगीतिका. तिचा विषय निघाला की मला एकच प्रश्न येतो. तिच्यावरच्या २०१४ च्या सिनेमात इतकी गाणी ठेवली आहेत, गायलीही चांगली आहेत, मग एक 'नो मोअर' नाही म्हणून तू एवढी का चिडतेस? कुणी गमतीने विचारतं, कुणी खरंच कळत नाही म्हणून. 'ते गाणं महत्त्वाचं आहे' असं म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. त्याने विचारणाऱ्याचं समाधान झालं नाही आणि माझं तर मुळीच नाही. म्हणून एकदा सगळं लिहिते.

मी त्या सिनेमाच्या विरोधात नाही, हे आधी ऐका. बेकरच्या बायकोच्या भूमिकेतल्या एमिली ब्लंटचं 'मोमेंट्स इन द वुड्स' मी अजूनही पुन्हा पुन्हा ऐकते. धबधब्यात उभे राहून दोन राजपुत्र 'अ‍ॅगनी' गातात, ते रंगमंचावर कधी जमलं नसतं. सिंड्रेलाचं राजवाड्याच्या पायऱ्यांवरचं गाणं तर मला सिनेमातच जास्त आवडतं. नाटकात ती घडून गेलेली गोष्ट सांगते. सिनेमात सगळं जग जागच्या जागी थिजतं आणि तिचा निर्णय आपल्यासमोर होतो. बदल असा असावा. 'अ‍ॅगनी'चा दुसऱ्या अंकातला भाग गाळला, चालेल. चेटकीण झालेल्या मेरिल स्ट्रीपसाठी साँडहाइमनी नवं गाणं लिहिलं, ते चित्रित झालं आणि तेही कापलं, तरी माझी तक्रार नाही. पहिल्या अंकाच्या शेवटचं 'एव्हर आफ्टर' गेलं ते मात्र खटकतं, कारण तो खोटा आनंद पोटभर मिळाल्याशिवाय पुढची पडझड लागत नाही. पण तेही मी सोडून देते.

'नो मोअर' सोडवत नाही. गोष्ट थोडक्यात अशी: मूल व्हावं म्हणून बेकर आणि त्याची बायको चेटकिणीचा शाप उतरवायला जंगलात जातात. पहिल्या अंकात सगळ्यांच्या इच्छा पुरतात, दुसऱ्यात जॅकने मारलेल्या राक्षसाची बायको सूड घ्यायला येते. आता थेट त्या जागेपाशी येते. बेकरची बायको मेलेली आहे. 'युअर फॉल्ट'मध्ये उरलेल्यांनी एकमेकांवर खापर फोडून झालं आहे. 'लास्ट मिडनाइट' गाऊन चेटकीण नाहीशी झाली आहे. बेकर तान्हं मूल सिंड्रेलाकडे देतो आणि चालायला लागतो. त्याच्या बापानेही हेच केलं होतं. आणि पहिल्या अंकात मेलेला तोच बाप इथे त्याला भेटतो.

पुढचं गाणं या दोघांचं आहे. बेकर थकलेल्या माणसासारखा तुटक तुटक बोलतो. आता प्रश्न नकोत, परीक्षा नकोत, बापांनी मागे ठेवलेले शाप नकोत. बाप त्याला 'जाऊ नकोस' म्हणत नाही. पळणं कसं असतं ते तो सांगतो, कारण तो पळालेला आहे. जितकं लांब जावं तितकं मागे टाकलेलं जास्त टोचतं, एवढंच त्याचं म्हणणं. आयुष्यभर घर सांभाळलेल्या बापाने हे सांगितलं असतं तर बेकरने ऐकलं नसतं. घर सोडून गेलेल्या माणसाचंच इथे चालतं.

१९८७ च्या मूळ ब्रॉडवे प्रयोगात निवेदक आणि हा बाप अशा दोन्ही भूमिका टॉम ऑल्ड्रेज या एकाच नटाने केल्या. हे नुसतं खर्च वाचवणं नव्हे. दुसऱ्या अंकात पात्रं निवेदकालाच राक्षसिणीच्या तोंडी देतात, म्हणजे गोष्ट सांगणाराच उरत नाही. मग तोच चेहरा बाप होऊन परत येतो आणि नाटकाच्या शेवटी बेकर आपल्या मुलाला गोष्ट सांगायला घेतो. सांगण्याचं काम बापाकडून मुलाकडे येतं, ते या गाण्यातून. सिनेमात निवेदन पहिल्यापासून बेकरच्याच आवाजात आहे. त्याला काही मिळवायचंच उरत नाही.

लगेच पुढे 'नो वन इज अलोन' येतं. ते गाणं दिलासा देणारं म्हणून प्रसिद्ध झालं, समारंभांत गायलं जातं. पण ते नीट ऐका. तुझ्या बाजूने कुणी आहे, तसं समोरच्याच्या बाजूनेही कुणी आहे, राक्षसिणीच्याही, असं ते सांगतं. हे जॅकला सांगतो बेकर, जो काही मिनिटांपूर्वी स्वतःचं मूल टाकून निघाला होता. तो का परतला हे आपण ऐकलेलं असेल तरच त्याच्या तोंडी ते शोभतं. नाहीतर ते एक गोड गाणं उरतं.

आता खरं कारण. आमचे बाबा घर सोडून गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, दादा चौदाचा. ते गेले एवढंच आम्हाला कळलं. घरात नंतर त्यांचं नाव निघालं नाही, आईने तसा नियम केला नव्हता तरी. पुढे दादा अमेरिकेत आला, त्याच्यामागून मी. विशीत असताना न्यू जर्सीतल्या वाचनालयातून मी मूळ प्रयोगाचं चित्रीकरण घरी आणलं, जे १९९१ मध्ये पीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर दाखवलं होतं. त्यातली चेटकीण, बर्नडेट पीटर्स, हिला बघायला आणलं होतं. 'नो मोअर' आलं आणि मी ते थांबवून उठून गेले. दुसऱ्या दिवशी परत लावलं. बाबांशी कुणीतरी बोलतंय आणि बाबा उत्तर देतायत, असं मला पहिल्यांदा वाटलं.

सिनेमा २०१४ च्या नाताळात लागला. त्याच्या थोडं आधी दादाने मला फोनवर सांगितलं की त्याने सिअ‍ॅटलला नोकरी घेतली आहे आणि 'सध्या' एकटाच जाणार आहे. बाळ पाच महिन्यांचं होतं. तो 'सध्या' मला कळला, वहिनीला माझ्याआधी कळला होता. मी दादाला काहीच बोलू शकले नाही. आमच्या दोघांत त्या विषयाला शब्दच नव्हते. तेव्हा मी ठरवलं की याला सिनेमाला न्यायचं. मला म्हणता येत नाही ते ते गाणं म्हणेल. दादाला संगीतिका आवडत नाहीत. तो आला, कारण त्या दिवसांत त्याला घरी बसवत नव्हतं.

मी त्याच्या उजव्या बाजूला बसले होते. 'लास्ट मिडनाइट' सुरू झालं तेव्हाच माझे हात गार पडले, कारण पुढचं मला माहीत होतं. बेकर मूल देऊन निघाला. एकटा बसून रडला. बाप आला. चार वाक्यं बोलला. पार्श्वसंगीतात ती चाल आली आणि मला वाटलं, आता सुरू होतंय. बेकर उठला आणि परत गेला. झालं. मी तरीही वाट बघत राहिले, की मध्ये काहीतरी येईल, तो पुन्हा थांबेल. पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा मला कळलं की ते येणार नाही. सिनेमाच्या शेवटापर्यंत मी पडद्याकडे बघत होते, पण मला काही आठवत नाही.

पार्किंगमध्ये दादा म्हणाला, "बरा होता गं." मग गाडीचं दार उघडता उघडता म्हणाला, "तो बेकर परत का आला, ते काही कळलं नाही."

उत्तर माझ्याजवळ होतं. सगळं गाणं तोंडपाठ होतं. त्याच्या शेजारी बसून घरापर्यंतचा सगळा रस्ता मी ते बोलले नाही. त्याने रेडिओ लावला. फेब्रुवारीत तो गेला. तो 'सध्या' अजून संपलेला नाही.

हे मी कुणाला सांगितलं की लगेच ऐकवतात: म्हणजे घरचं दुःख तू सिनेमावर काढतेस. राग एवढा मोठा का, याचं कारण घरचं आहे, मान्य. पण उणीव सिनेमाची आहे. दादाला ते नाटक माहीत नव्हतं, गाणं माहीत नव्हतं, काही गाळलंय हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी नेमकी तीच फट त्याला दिसली. जेम्स लपाइननी नाटक लिहिलं आणि सिनेमाची पटकथाही त्यांचीच, मग तू कोण बोलणारी, असंही विचारून झालं आहे. लेखकाने स्वतः कापलं म्हणून ती जागा भरत नाही. लहान मुलांसाठी जी छोटी आवृत्ती आहे, ती पहिल्या अंकापाशीच थांबते, आणि ती मला प्रामाणिक वाटते. दुसऱ्या अंकात शिरायचंच नाही, असं ती ठरवते. सिनेमा मात्र शिरतो, मूल टाकायला लावतो आणि परतण्याचं कारण गिळून टाकतो.

त्या वेळची मी खात्रीने म्हणत असे की गाणं असतं तर दादा थांबला असता. आज मला ती खात्री नाही. नोकरी घेतलेला, घर बघून ठेवलेला माणूस एका गाण्याने थांबत नसतो. पण 'गाण्याने काही होत नाही' असंही मी म्हणणार नाही, कारण माझं झालं आहे. आणि दादाला थांबवायचं होतं, की निदान एकदा आम्ही दोघांनी शेजारी बसून बाबांचं ऐकावं असं वाटत होतं, हे मी स्वतःशी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं सांगते.

२०२२ च्या उन्हाळ्यात ब्रॉडवेच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये नवा प्रयोग लागला तेव्हा मी वहिनीला घेऊन गेले. साँडहाइम आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले होते. ब्रायन डार्सी जेम्स बेकर होते, आणि 'नो मोअर' होतं, पूर्ण. मी रडले. वहिनी रडली नाही. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "गाणं चांगलं आहे. पण बघ ना, पळणाऱ्या माणसासाठी एवढं सुंदर गाणं, बाप थडग्यातून उठून येतो. बायकोने एक चूक केली, क्षणभर राजपुत्राच्या मोहात पडली, तर तिला राक्षसिणीच्या वाटेत मारलं. तिला कोण भेटायला आलं?"

मी म्हणाले की शेवटी ती परत येते, त्याला सांगते की मुलाला गोष्ट सांग. वहिनी म्हणाली, "मेल्यावरही त्याचंच काम करायला."

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. 'मोमेंट्स इन द वुड्स' हे त्या संगीतिकेतलं सगळ्यात शहाणं गाणं आहे आणि ते गाणाऱ्या बाईला लगेच मारलं जातं, हे मी याआधी रचनेचा भाग म्हणून स्वीकारलं होतं. आता ते गाणं लागलं की वहिनीचा प्रश्न आठवतो. त्यामुळे 'नो मोअर' मला कमी आवडायला लागलं असंही नाही, आणि सिनेमात ते हवं होतं हे माझं म्हणणं तसूभरही हललेलं नाही.

दादाने ते गाणं अजून ऐकलेलं नाही. त्याला पाठवावं असं मला वाटतं. वहिनीचं म्हणणं आहे की पाठवू नकोस, त्याला परत का यावं हे गाण्यातून कळायची गरज पडत असेल तर तो न आलेलाच बरा. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.