वहीतला आकडा

मार्चअखेर झाली आणि आमच्या पतसंस्थेने नवा सर्व्हर घ्यायचं ठरवलं. मी कणकवलीच्या मुख्य कार्यालयात संगणक विभाग बघते. देवगड, कुडाळ, वेंगुर्ला धरून सहा शाखांचं डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, माझ्या खोलीतल्या एकाच यंत्रावर चालतं. आधी पिग्मीचा भरणा चढवायचा, मग व्याजाची आकारणी, मग शाखांचा ताळा. यंदा 31 मार्चला हे संपायला रात्रीचा दीड वाजला. देवगड शाखेतली दोन मुलं तोवर बसून होती, आणि त्यातल्या एकाला पुढे गाडीवरून गावात जायचं होतं. सर्व्हर किती वेगवान, हा प्रश्न माझ्यासाठी त्या रात्रीचा आहे.

तीन दरपत्रकं आली. एकावर ठळक अक्षरात 'स्पेकरेट 2017 इंटिजर' असं लिहून पुढे आकडा दिला होता. बाकीच्या दोघांनी आकडा दिलाच नव्हता, म्हणून बैठकीत तो कागद आपोआप वर आला. आमच्या अध्यक्षांची देवगडला कलमांची बाग आहे. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "मॅडम, आकडो खरो मां?"

मी दोन दिवस मागितले.

आकडा खरा होता. स्पेक ही संगणकाचा वेग मोजायच्या चाचण्या ठरवणारी, 1988 साली निघालेली संस्था. सभासद बहुतेक यंत्रं बनवणाऱ्या कंपन्याच. तिचा सीपीयू 2017 हा चाचण्यांचा संच निघाला तेव्हा नव्या गिऱ्हाइकाला 1,000 डॉलरला मिळत होता. म्हणजे चाचणी विकत घ्यावी लागते, पण तिचे निकाल संस्थेच्या साइटवर कुणालाही फुकट वाचता येतात. इंटिजरच्या गटात दहा कामं आहेत: कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) चालवणं, व्हिडिओची फाइल लहान करणं, बुद्धिबळाचा डाव शोधणं वगैरे. सन फायर व्ही490 या जुन्या यंत्राच्या तुलनेत प्रत्येक कामाचं गुणोत्तर काढतात आणि दहांची भूमितीय सरासरी घेतात. स्पेकरेटमध्ये त्याच कामाच्या अनेक प्रती एकदम चालवतात, त्यामुळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, जितके जास्त तितका आकडा मोठा.

माझा जीव गुंतला तो निकालाच्या पानात. तिथे आकड्याखाली सगळं मांडलेलं असतं. प्रोसेसर किती, मेमरीच्या पट्ट्या किती आणि कोणत्या, बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, काय बदललं, कंपायलर कोणता आणि त्याला कोणते पर्याय दिले. मी दरपत्रक शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहिलं. साइटवरचा निकाल दोन प्रोसेसर आणि सोळा पट्ट्यांचा होता. आम्हाला देऊ केलेल्या यंत्रात एक प्रोसेसर होता आणि दोन पट्ट्या. मॉडेलचं नाव तेच, पेटीही तीच. प्रोसेसर एकच म्हटल्यावर आकडा निम्म्यावर येणार, आणि मेमरीकडे जायच्या आठ वाटा (चॅनल) असलेल्या प्रोसेसरला दोनच पट्ट्या लावल्या की कोअर मेमरीची वाट बघत बसणार.

अध्यक्षांना हे सांगितलं तर समजायला त्यांना क्षणही लागला नाही. "वरचो थर बघून पेटी घेव नकात," एवढंच म्हणाले. विक्रेत्याला पत्र गेलं.

हे मला कळलं कारण स्पेकच्या नियमात सगळं उघड करणं सक्तीचं आहे. चुकलं तर तेही उघडच राहतं. 2024 च्या फेब्रुवारीत स्पेकने इंटेलच्या कंपायलरने काढलेल्या 2,600 हून अधिक निकालांवर शेरा मारला. त्या दहा कामांतलं एक, झालनबीएमके, आधीच ओळखून कंपायलर त्याच्यापुरती युक्ती करत होता. ते निकाल नियमात बसत नाहीत असं त्या पानांवरच लिहिलं. वाचणाऱ्याला निकालही दिसतो आणि शेराही. माझा या आकड्यांवरचा विश्वास अशा शेऱ्यांमुळे वाढतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आमचं सॉफ्टवेअर दोनपैकी कोणत्याही डेटाबेसवर चालतं. एक पैसे मोजून परवाना घ्यायचा, दुसरा फुकट मिळणारा पोस्टग्रेस. मे महिन्यात चाचणीसाठी यंत्र मिळालं तेव्हा मी खातेदारांची नावं-नंबर काढून टाकलेली मार्चअखेरची प्रत दोन्हींवर चढवली आणि खरं डे-एंड चालवून वेळ मोजली. जोडीला हॅमरडीबी हे डेटाबेसचा वेग मोजणारं सॉफ्टवेअरही चालवलं. टीपीसी या डेटाबेसच्या चाचण्या ठरवणाऱ्या संस्थेच्या टीपीसी-सी चाचणीवर बेतलेलं त्यातलं काम टीपीआरओसी-सी या नावाने येतं. नाव वेगळं ठेवावं लागलं, कारण टीपीसीचा निकाल म्हणवून घ्यायला लेखापरीक्षकाची तपासणी लागते आणि यंत्रणेची किंमतही जाहीर करावी लागते. सहा शाखांच्या पतसंस्थेला ते झेपणारं नाही, पण तो नियम मला पटतो.

पटत नाही ते त्या विकतच्या डेटाबेसच्या परवान्यातलं एक वाक्य. चाचणीचे निकाल आमच्या लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या कुणालाही सांगू नयेत. मी सही करताना ते वाचलं होतं. त्याचा अर्थ, माझ्या खोलीत, माझ्या संस्थेच्या डेटावर, चार रात्री जागून मी मोजलेला आकडा कुडाळच्या दुसऱ्या पतसंस्थेतल्या मैत्रिणीलाही मी सांगू शकत नाही.

या अटीला डिविट क्लॉज म्हणतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड डिविट यांनी सहकाऱ्यांबरोबर 1983 साली डेटाबेसची तुलना प्रसिद्ध केली. त्यात ओरॅकल या डेटाबेसची कामगिरी चांगली दिसली नाही, आणि पुढे ओरॅकलच्या परवान्यात ही बंदी आली. मग इतरांनीही ती उचलली. अभ्यास एका प्राध्यापकाने केला आणि तोंड बंद झालं ते चाळीस वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाचंही.

कंपन्यांची बाजू मी समजू शकते. चुकीच्या मांडणीवर काढलेला आकडा खोटी बदनामी करतो. माझ्या पहिल्या फेरीत पोस्टग्रेसचं शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायला राखलेली मेमरी) मूळच्या 128 एमबीवरच राहिलं होतं. ती वेळ छापली असती तर पोस्टग्रेसवर अन्याय झाला असता. पण त्यावर उपाय म्हणजे मांडणी आकड्यासोबत छापणं. म्हणजे जाणकार बघेल आणि सांगेल की इथे चुकलंय. माझी चूक मला अशीच, एका जाणकाराला सेटिंगची फाइल पाठवल्यावर कळली. 2021 मध्ये डेटाब्रिक्स या डेटाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने आपल्या परवान्यातून ही अट काढून टाकली. कंपनीला ते करता येतं.

पोस्टग्रेसच्या परवान्यात असं बंधन नाही, म्हणून त्याची वेळ इथे देते. मार्चअखेरचं डे-एंड, सहा शाखा, एक प्रोसेसर, वाढवून घेतलेल्या आठ पट्ट्या, शेअर्ड बफर्स एकूण मेमरीच्या चौथ्या हिश्शाएवढे, एसी बंद, खोलीत 33 अंश: 38 मिनिटं. तीन फेऱ्या केल्या, मधली वेळ दिली आहे. एसी मुद्दाम बंद ठेवला, कारण पावसात लाईट गेली की यूपीएसवर यंत्र चालतं, एसी नाही.

दुसरी वेळ वहीत त्याच पानावर, खालच्या ओळीत लिहिलेली आहे. परवानगीसाठी 19 मेला मेल केलं, जूनमध्ये आठवण केली. आता चतुर्थी तोंडावर आली. उत्तर आलं आणि ते होकाराचं असलं, तर ती ओळ याच मजकुराखाली, सगळ्या मांडणीसकट लिहीन.