लाल इमलीवाल्यांची पोरं

लाल इमली म्हटलं की पन्नाशीच्या पुढच्या लोकांना ते जाडजूड, डांबरगोळ्यांचा वास येणारं ब्लँकेट नक्की आठवेल. कानपूरची मिल ती. तिला नावारूपाला आणणारा माणूस म्हणजे स्कॉटलंडचा ॲलेक्झांडर मॅकरॉबर्ट, ॲबरडीनजवळच्या कागद कारखान्यात झाडू मारण्यापासून सुरुवात केलेला हा गडी १८८४ मध्ये कानपूर वूलन मिल्सचा (हीच लाल इमली) मॅनेजर म्हणून आला आणि इथेच गब्बर झाला, पुढे ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन काढलं, सर झाला, १९२२ ला बॅरोनेट (बापाकडून मुलाकडे जाणारा 'सर' किताब) झाला आणि त्याच वर्षी गेला. मागे बायको रेचल आणि तीन मुलगे, थोरला अजून दहाचाही नव्हता.

ही रेचल अमेरिकन, आणि शिकलेली भूगर्भशास्त्रज्ञ. तिची आई फॅनी बुलक वर्कमन, जी १९१२ मध्ये सियाचीनच्या पठारावर 'बायकांना मताधिकार' असा मथळा असलेलं वर्तमानपत्र हातात धरून फोटो काढून आली! (आईबाप सायकलवरून हिंदुस्थान पालथा घालतायत आणि पोरगी बोर्डिंगात, असं होतं बालपण.) तर अशा घरातली बाई, डोळ्याला पदर लावून बसणारी नव्हेच.

तिन्ही मुलं विमानवेडी. थोरला ॲलास्डेअर १९३८ मध्ये इंग्लंडात लूटनजवळ विमान अपघातात गेला. फॉरवर्डमधे येणाऱ्या 'तीन मुलं युद्धाला दिली' या गोष्टीत त्यालाही धरतात, पण तेव्हा युद्ध सुरूच झालं नव्हतं. युद्धात गेले ते धाकटे दोघं.

मे १९४१. इराकमधे जर्मनांकडे झुकलेल्या रशीद अलीने सत्ता बळकावलेली, हब्बानियाचा ब्रिटिश तळ कसाबसा वाचलेला, आणि जर्मन विमानं मोसुलला येऊन उतरलेली, तीही इराकी खुणा रंगवून. मधला रॉडरिक तेव्हा ब्रिटिश हवाई दलाच्या ९४ स्क्वाड्रनमधे हरिकेन हे लढाऊ विमान उडवत होता. २२ मेला मोसुलच्या धावपट्टीवर खाली येऊन गोळीबार करताना तो गेला, वय २६. बॅरोनेटचा किताब आता धाकट्या इयनकडे आला.

इयन कोस्टल कमांडमधे (हवाई दलाची समुद्रावर लक्ष ठेवणारी शाखा), ब्लेनहाइम बॉम्बरवर. ३० जूनला त्याला पाठवलं होतं ते समुद्रात पडलेल्या दुसऱ्या एका बॉम्बरची माणसं शोधायला. म्हणजे बघा, हल्ला वगैरे काही नाही, कोणीतरी रबरी होडीत तरंगत असेल तर दिसतंय का हे बघत पाण्यावरून घिरट्या घालायच्या. तो परत आलाच नाही, विमान नाही, देह नाही, काहीच सापडलं नाही. वय २४. मला या दोघांत इयनचं जास्त लागतं, आणि गंमत म्हणजे त्याच्यावर सगळे दोन ओळी लिहून मोकळे होतात. दोघांत अंतर किती, तर जेमतेम सव्वा महिना, आणि किताब कायमचा संपला.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. आईने हवाई खात्याच्या मंत्र्याला पत्र लिहिलं आणि २५,००० पौंड पाठवले, बॉम्बर घ्या म्हणून, मला दहा मुलं असती तरी ती दहाही याच वाटेने गेली असती असंही लिहिलं. त्यातून आलं शॉर्ट स्टर्लिंग, नाव 'मॅकरॉबर्ट्स रिप्लाय', म्हणजे मॅकरॉबर्टचं उत्तर, नाकावर घराण्याची मुद्रा. ऑक्टोबर १९४१ मध्ये १५ स्क्वाड्रनकडे दिलं. स्टर्लिंग म्हणजे अवाढव्य चार इंजिनांचं धूड, पण पंख १०० फुटांच्या आत ठेवल्यामुळे उंची गाठताना धापा टाकायचं, त्यामुळे खालून तोफा आणि वरून आपल्याच विमानांचे बॉम्ब, दोन्हीची भीती.

हे 'उत्तर' फार टिकलं नाही. पहिलं विमान १९४२ च्या सुरुवातीलाच विमानतळावरच्या अपघातात गेलं, तेच नाव दुसऱ्या स्टर्लिंगला दिलं, ते मे महिन्यात डेन्मार्कजवळ समुद्रात सुरुंग पेरायला गेलं असताना तोफांनी पाडलं. आतला एकच जण वाचला. बाकीच्यांच्या आयांकडे २५,००० पौंड नव्हते, त्यांचं उत्तर कुठल्या विमानावर रंगवलेलं नाही. हे लिहिताना बाईंचं मोठेपण कमी करायचं नाहीये, पण पैसा कानपूरच्या लोकरीचा, तिथल्या मिल कामगारांच्या घामाचा, हेही कोणी म्हणत नाही म्हणून मी म्हणतोय.

बाई मात्र थांबल्या नाहीत. अजून २०,००० पौंड दिले, चार हरिकेनसाठी. तीन विमानांना मुलांची नावं, चौथं रशियाला सलाम म्हणून. घराण्याचं एक मोठं घर हवाई दलाच्या ऑफिसरांना विश्रांतीसाठी दिलं. आणि ती चार हरिकेन कोणाकडे गेली माहितीये? इजिप्तमधे ९४ स्क्वाड्रनकडे, रॉडरिकच्याच.