चेहरा वाचण्यापेक्षा विचारून घ्यावे

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांत बढती मिळते ती बहुतेक वेळा हातातले काम चोख असल्यामुळे. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये ज्याच्या कोडमध्ये चुका निघत नाहीत, महापे एमआयडीसीत ज्याची पाळी कधी अडत नाही, वाशीच्या कॉल सेंटरमध्ये ज्याच्याबद्दल ग्राहकांच्या तक्रारी सर्वांत कमी येतात, अशा माणसाला एके दिवशी पत्र मिळते आणि कालपर्यंत ज्यांच्यासोबत टपरीवर कटिंग घेतला त्यांच्याच रजा मंजूर-नामंजूर करण्याचे बटण त्याच्या हाती येते. ज्या गुणावर बढती मिळाली तो गुण या नव्या कामात फारसा उपयोगी पडत नाही, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा नव्या मॅनेजरांना भावनिक समज आणि सामाजिक भान, म्हणजे समोरच्याच्या मनात काय चालले आहे याची जाण, हे विषय शिकवणे हा माझा व्यवसाय आहे आणि गेली काही वर्षे मी तो घोडबंदर रोडवरील घरातून, ऑनलाइन करते.

हा विषय माणसांत बसूनच शिकवायला हवा, लॅपटॉपवर कसला शिकवता, असे मला वरचेवर ऐकवले जाते. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तरीही ज्या मॅनेजरला मी शिकवते त्याची निम्मी टीम ऐरोलीत, काही जण पुण्यात, दोघे डोंबिवलीच्या घरातून आणि वरिष्ठ बंगळुरूत अशी विखुरलेली असते. माणसे सांभाळण्याचे त्याचे बहुतेक प्रसंग फोनवर, चॅटवर आणि व्हिडिओ कॉलवरच घडतात. ते प्रसंग जिथे घडतात तिथेच त्याला शिकवावे, असे माझे मत आहे. माझी तक्रार माध्यमाबद्दल नसून शिकवण्याच्या रूढ पद्धतीबद्दल आहे. हसऱ्या, रागावलेल्या, खिन्न चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवायची, भावना ओळखायला लावायची, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचे, ही ती पद्धत. तिच्यातून माणसाला एकच गोष्ट पक्की शिकवली जाते, ती म्हणजे आपल्याला समोरच्याचे मन कळते हा भ्रम.

या विषयाचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सामाजिक बुद्धिमत्तेबद्दल लिहिले. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांचा भावनिक बुद्धिमत्तेवरील शोधनिबंध १९९० चा. आणि डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ मधील पुस्तकाने हा विषय कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांत पोहोचवला. पुढे गोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली चार भागांची मांडणी आज बहुतेक अभ्यासक्रमांत दिसते : स्वतःला ओळखणे, स्वतःला आवरणे, सामाजिक भान आणि नातेसंबंध सांभाळणे. त्यांतील पहिल्या दोन भागांवर प्रशिक्षक भरभरून बोलतात, कारण श्वासाचे व्यायाम आणि रोजनिशी हा प्रकार स्क्रीनवरून शिकवायला सोपा असतो. सामाजिक भानाच्या वाट्याला उरलासुरला अर्धा तास येतो, आणि नवा मॅनेजर अडखळतो तो नेमका तिथेच.

‘दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २५ प्रयोगांच्या मालिकेत या उपदेशाचीच परीक्षा घेतली गेली. समोरच्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहिल्याने त्याच्या मनाबद्दलचे अंदाज अधिक अचूक होतात, असे त्यांना आढळले नाही; समोरच्याशी प्रत्यक्ष बोलून, त्याला विचारून घेतल्यावर मात्र अचूकता वाढली. माझा सगळा वर्ग या एका निष्कर्षाभोवती फिरतो. नव्या मॅनेजरला मनकवडा करण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. त्याला नीट प्रश्न विचारता यावा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसता यावे, एवढेच मी शिकवते. ऑनलाइन वर्गात हे गप्प बसणे विशेष कठीण जाते, कारण कॉलवर चार सेकंद शांतता पसरली की कोणीतरी ‘हॅलो, आवाज येतोय का?’ असे विचारतेच.

सरावाच्या वेळी मी दोघादोघांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच कॉलमधल्या वेगळ्या छोट्या खोलीत, पाठवते आणि कॅमेरे बंद ठेवायला सांगते. एकाने गेल्या आठवड्यातील मनात रेंगाळलेला एखादा कामाचा प्रसंग सांगायचा. दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला अजिबात द्यायचा नाही. वेळ संपली की ऐकणाऱ्याने दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या : काय घडले असे मी ऐकले आणि तुम्हाला काय वाटले असावे असा माझा अंदाज आहे. अंदाज बरोबर की चूक, ते सांगणारा ठरवतो. एका तुकडीत रबाळ्याच्या कारखान्यातील एक तरुण सुपरवायझर अशाच जोडीत होता. वयाने वडिलांसारख्या असलेल्या एका मशीन ऑपरेटरला त्याला लेखी मेमो द्यावा लागला होता. ऐकणाऱ्या बाईंनी, त्या घणसोलीच्या एका कंपनीत टीम लीड होत्या, अंदाज सांगितला, “तुम्हाला त्यांचा राग आला असणार.” त्यावर हा म्हणाला, “राग नाही हो मॅडम, लाज वाटली. काका म्हणून ज्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली त्यांच्या हातात मेमो कसा द्यायचा?” बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी विचारले, “काकांशी त्यानंतर बोलणं झालं का?” त्या संपूर्ण सत्रातील सर्वांत चांगला प्रश्न मला तोच वाटला.

कॅमेरे बंद ठेवण्याला दोन कारणे आहेत. मानसशास्त्रज्ञ मायकेल क्राउस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फक्त आवाज ऐकणाऱ्यांनी समोरच्याच्या भावना, आवाज आणि चेहरा दोन्ही मिळालेल्यांपेक्षा अधिक अचूक ओळखल्या. चेहऱ्यावर माणूस बरेच काही झाकू शकतो, आवाजावर तितका ताबा ठेवणे जमत नाही, आणि ऐकणाऱ्याचे लक्षही एकाच ठिकाणी राहते. दुसरे कारण अगदी घरगुती आहे. माझ्या वर्गातील पुष्कळ जण दिवा, कोपरखैरणे, कळवा येथील एका खोलीच्या किंवा वन बीएचकेच्या घरातून बसतात. मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतात, मुलाचा अभ्यास चालू असतो, सासूबाई टीव्ही पाहत असतात. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती केली की त्यांचे निम्मे लक्ष पाठीमागच्या भिंतीकडे जाते. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणे हेही एक आहे. कॅमेरा लागतो तिथे लागतो, पण तो सुरू आहे म्हणजे माणूस वर्गात आहे असा हिशेब मांडणाऱ्या एचआर विभागांशी माझे जमत नाही.

लेखी संदेशांची गोष्ट याहून अवघड आहे. जस्टिन क्रूगर, एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात ईमेल पाठवणाऱ्यांना वाटत होते, की आपला सूर उपहासाचा आहे की गंभीर, हे वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर कळेल. प्रत्यक्षात ते प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास निघाले, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडे बरे. वर्गात मी पावसाळ्यातला एक प्रसंग देते. जुलैची सकाळ, ठाणे आणि कळव्याच्या दरम्यान रुळांवर पाणी, गाड्या रखडलेल्या. मॅनेजर ऐरोलीत ऑफिसपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो; टीममधील लोक बदलापूर, टिटवाळा, दिव्याहून येतात. साडेनऊ वाजता ग्रुपवर त्याचा संदेश पडतो : ‘सर्वांनी दहापर्यंत लॉगिन करावे, कोणतीही सबब चालणार नाही.’ लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित वरिष्ठांची धास्ती असते. गाडीच्या दारात लटकून वाचणाऱ्याला त्यात फक्त हुकूम दिसतो. प्रशिक्षणार्थी हा संदेश आपापल्या शब्दांत पुन्हा लिहितात. मला आवडलेले एक रूप असे होते : ‘कोण कुठे अडकले आहे ते कळवा. परत फिरणे शक्य असेल तर घरी फिरा. दहाच्या कॉलला जे बसू शकतील त्यांनीच बसावे, बाकीचे मी वर सांगतो.’ यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यात मॅनेजरने स्वतःकडे एक काम घेतले आहे.

तरीही सामाजिक भानाची खरी कसोटी आमच्याकडे गणपतीच्या रजांच्या वेळी लागते. नवी मुंबईतील अनेक टीम परदेशातील ग्राहकांचे काम करतात आणि त्या ग्राहकांच्या कॅलेंडरात गणेश चतुर्थी नसते. पाळ्या भराव्याच लागतात. नवा मॅनेजर चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी ग्रुपवर एक एक्सेल शीट टाकतो आणि ‘जो आधी नाव लिहील त्याला रजा’ असे जाहीर करतो. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे तो न्याय्यच वाटतो. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. कोकणात जाणाऱ्याने तिकीट त्या दिवशी सकाळी आठ वाजताच काढायला बसलेले असते. ज्याच्या गावी गणपती आहे त्याला रजा दोन महिने आधीच ठाऊक असते, फक्त मॅनेजरने ती विचारलेली नसते.

या प्रसंगाचा मी आठ जणांच्या काल्पनिक टीमवर सराव बेतला आहे. प्रत्येक गट प्रथम शीटवरील नावे पाहून पाळ्या लावतो आणि समाधानाने मला दाखवतो. त्यानंतर मी प्रत्येक कर्मचाऱ्याने न सांगितलेली एकेक गोष्ट चॅटवर पाठवते. एकीच्या सासरी गौरी बसतात आणि लग्नानंतरचे तिचे हे पहिलेच वर्ष आहे; ऑफिसात हे कारण सांगणे तिला कमीपणाचे वाटते. एक जण कंत्राटी आहे, आपण रजा मागितली तर कंत्राट पुढे वाढणार नाही अशी त्याला भीती आहे. एकाला गावच नाही, म्हणून दर वर्षी सगळ्यांनी त्याला गृहीत धरले आहे. एक मुस्लिम सहकारी दर गणपतीत आनंदाने जादा पाळ्या करतो. रमजान ईदचा दिवस चंद्रदर्शनावर ठरत असल्यामुळे त्याची रजा मात्र आदल्या रात्रीपर्यंत लटकलेली असते आणि त्या वेळी त्याच्या जागी उभे राहायला कोणी नसते. ही माहिती आल्यावर गटांत जी शांतता पसरते तिच्यात ‘आवाज येतोय का?’ असे कोणी विचारत नाही. मग पाळ्या पुन्हा लावल्या जातात. कित्येकदा त्यांत फारसा बदल होतही नाही, कारण माणसे तेवढीच आणि फोनही तेवढेच. पण पहिल्या वेळी ज्याला रजा मिळाली नाही त्याला कोणी काही विचारलेही नव्हते, आणि दुसऱ्या वेळी विचारून, कारण सांगून, दिवाळीचा शब्द देऊन नकार दिलेला असतो. टीममधील माणसे हा फरक वर्षभर लक्षात ठेवतात.

आता थोडे मापनाबद्दल. सॅलोव्हे आणि मेयर यांच्या परंपरेतील क्षमता-चाचणीत प्रत्यक्ष प्रश्न सोडवायला देऊन समज तपासली जाते. बाजारात फिरणाऱ्या पुष्कळ प्रश्नावल्या मात्र ‘मी इतरांच्या भावना समजून घेतो’ या धाटणीच्या वाक्यांना स्वतःच गुण देण्याच्या असतात. ज्याला सामाजिक भान कमी आहे त्याला आपले भान कमी असल्याचे कसे कळणार, हा प्रश्न त्या तयार करणाऱ्यांना पडत नसावा. मी एक साधी वही ठेवायला लावते. तिच्यात तीन रकाने असतात : समोरची व्यक्ती काय म्हणाली, माझा अंदाज काय होता, विचारल्यावर काय निघाले. महिनाभरात ज्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात सतत तफावत दिसते ते अधिक शिकतात. ज्यांचे अंदाज दर वेळी बरोबर निघतात त्यांनी बहुधा विचारलेलेच नसते. हा माझा अनुभव आहे, शास्त्रीय निष्कर्ष म्हणून मी तो मांडत नाही.

एक इशारा द्यावासा वाटतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून भावनिक श्रमाची कल्पना मांडली : हसतमुख राहणे हाही कामाचा भाग असतो आणि त्याची किंमत कर्मचारी मोजतो. भावनिक समजेचे प्रशिक्षण घेतलेला मॅनेजर ती किंमत कमी करू शकतो तसा गोड बोलून आणखी वसूलही करू शकतो. एका कंपनीने माझ्याकडे ब्रेकआउट रूममधील संभाषणांचे रेकॉर्डिंग मागितले होते, ‘कोण कसा आहे ते कळावे म्हणून’. मी नकार दिला आणि पुढची तुकडी मिळाली नाही. तेव्हापासून रेकॉर्डिंग होणार नाही ही अट मी करारातच लिहून घेते.

सध्या कंपन्यांची मागणी असते ती दोन तासांत सगळे उरकण्याची. दोन तासांत व्याख्यान होते. वही भरायला मध्ये दिवस जावे लागतात. म्हणून मी आठवड्यातून एकच, नव्वद मिनिटांचे सत्र ठेवते आणि तेही शक्यतो बुधवारी, कारण सोमवारी आढाव्याच्या बैठका असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाकडून कोणाचे शांतपणे ऐकून घेण्याची अपेक्षा ठेवणे मलाच बरे वाटत नाही. गणपतीच्या पाळ्यांचा सराव या वेळी मी जूनमध्येच घेणार आहे, म्हणजे आरक्षण उघडण्याआधी प्रत्येकाला आपल्या खऱ्या टीमला विचारता येईल.